खड्डेमाळ्याची हिरवळ

चौकातल्या सखल बागेच्या माळ्याला सगळे खड्डेमाळी म्हणायचे. तो वरून हसायचा, आतून करपायचा. बाग म्हणजे वाटीसारखी खोलगट. कडेच्या दगडांत वीतवीतभर फटी, आत वाळू-खडी आणि कमरेएवढं गवत. रस्त्यावरचं पावसाचं पाणी फटींतून आत शिरायचं अन् सांजेपर्यंत जमिनीत जिरायचं. मागे उरायचा गाळ, पालापाचोळा आणि कुणाची तरी फाटकी चप्पल.

ज्या बाईंनी बाग आखली, त्यांनी बजावलं होतं, "माळीदादा, हे रस्त्याचं पोट आहे. फटी बुजवू नका, वर माती ओतू नका. सगळा उतार खालच्या गल्लीकडे आहे."

त्यानं मान डोलवली. गल्लीच्या तळाला दोन पायऱ्या उतरून एका खोलीत त्याची थोरली बहीण राहायची. शिवणकाम करून तिनंच याला वाढवलेलं. आता तिचे गुडघे कामातून गेले होते.

पण कोपऱ्यावरचा न्हावी गिऱ्हाइकांपुढे रोज चेकाळायचा, "काय खड्डेमाळी, यंदा चपलांचं पीक कसं काय?"

शेवटी माळी इरेला पेटला. बांधकामावरची चिकणमाती फुकटात आणून त्यानं वाटी काठोकाठ भरली, चोपून दगडासारखी केली, वर हिरवळ लावली. गाळ नको म्हणून फटी सिमेंटनं लिंपल्या. न्हावी म्हणाला, "आता कसं! गालिचा आहे गालिचा." माळ्याचे पाय आठवडाभर जमिनीला लागले नाहीत. पुढचे दोन पावसाळे रिमझिमीवर निभावले, अन् चूक झाकून राहिली.

तिसऱ्या वर्षी बाई पाहणीला आल्या. भरदुपारी आभाळ काजळलेलं, वारा मेलेला. त्यांनी हिरवळीवर बादलीभर पाणी ओतलं आणि घड्याळ बघत उभ्या राहिल्या. पाणी जिरेना. मेलेल्या जनावराच्या डोळ्यासारखं नुसतं वर बघत राहिलं.

"दादा, फटी कुठे गेल्या?"

"गाळ यायचा हो, बाई."

"खाली गल्लीत कोण राहतं?"

"आमची ताई."

"मग उभे काय राहिलात? आधी तिला काढा!"

बाई गल्लीतली बाकीची दारं ठोठावत सुटल्या. माणूस मात्र आधी आपलं शेण झाकायला धावतो. त्यानं पहार उचलली ती फटींवर घातली. दुसरी फट फुटेतो पाऊस कोसळला. रस्ताभरचं पाणी हिरवळीवर चढलं, थोडं घुटमळलं, अन् पलीकडच्या काठावरून गल्लीत उतरलं. तिसरी फट फोडून काही होणार नव्हतं. तो पहार घेऊन पळत सुटला.

गल्लीत पाणी मांडीला लागत होतं. पायऱ्या दिसेनात. ताईचं दार बाहेर उघडणारं, पाण्यानं दाबून धरलेलं.

"ताई!"

"दार हलत नाही रे. मी मशीनवर चढून बसलेय. कुठलं मेलं पाणी हे?"

त्यानं फळीत पहार घुसवली अन् जीव खाऊन रेटली. वरची बिजागरी तुटली. दार तिरपं झालं, तसा पाण्याचा लोंढा त्याच्याआधी आत घुसला आणि ताईच्या छातीला भिडला. त्यानं तिला काखेत हात घालून ओढलं.

"ताई, हे मीच सोडलं तुझ्यावर. फटी मीच बुजवल्या."

तिनं त्याच्या मानेला गच्च मिठी मारली.

"आधी वर घे मला, गाढवा. मग बघते तुझ्याकडे."

तो पायानं पायरी चाचपू लागला. पायरी लागेना.