बाबांनी राखलेला नाल्याकाठचा तुकडा

हे मले आत्ताच सांगा लागते. उद्यापर्यंत थांबली त मी लिहिणारच नाही.

काल अमरावतीले होस्टेलवर कॉलेजचा प्रोजेक्ट करून राहिली होती. भूगोलाचा. दोन देश घ्यायचे, मी भारत अन् ब्राझील घेतले, आणि आपोआप वाढलेलं जंगल वर्षागणिक किती कमी-जास्त झालं याचा आलेख काढायचा. आपोआप म्हणजे कोणी न लावलेलं, मातीतल्या बियांतून, तुटलेल्या बुडातून स्वतःच उठलेलं. लावलेल्या झाडांचा रकाना वेगळा असते. ब्राझीलची रेघ खाली उतरत गेली. आपली वर जाईन असं वाटलं होतं, कारण एकूण जंगल त वाढलेलं दिसत होतं. पण आपली रेघ जवळपास आडवीच. वाढ होती ती बहुतेक सारी लावलेल्याच्या रकान्यात.

त्या आडव्या रेघेकडं पाहता पाहता मले आमचं वावर आठवलं अन् टायपिंग थांबलं.

आमचं वावर तेल्हाऱ्याजवळ आहे, वांग्याचं अन् सांभाराचं, म्हणजे कोथिंबिरीचं. त्यातला नाल्याकाठचा एक तुकडा बाबांनी मी लहान होती तेव्हापासून पेरलाच नव्हता. तिथं पळस, हिवर, बोरी आपापल्या उठल्या होत्या. उन्हाळ्यात गावात सारे धुरे, म्हणजे वावराचे बांध, पेटवतात. त्याच्या आधी बाबा या तुकड्याभोवती वखराच्या दोन पाळ्या मारत, आग आत शिरू नये म्हणून. मले मात्र ते पडीत वाटे. मैत्रिणी आल्या की तिकडं नेतच नव्हती.

मागच्या पावसाळ्यात एक दिवस बाबा वांगे घेऊन अकोल्याले गेले, अन् मी कॉलेजची पोरं-पोरी घेऊन वावरात आली. जेसीबी लावून सारं झुडूप बुडासगट काढलं. मंग रांगेत गुलमोहर अन् कडुनिंब लावले, फोटो काढले. बाबांले खुश करायचं होतं, खरंच.

बाबा दुपारी आले. वावरात पाहिलं. साऱ्यांले चहा पाजला. पोरं गेल्यावर म्हणाले, "काहून वं, मले विचारा लागत होतं ना."

"झाडंच त लावली बाबा."

"हो. आधीही झाडंच होती."

तेव्हा मले राग आला होता. एवढी मेहनत केली अन् यांचं तोंड असं.

आज सकाळी पहिल्या गाडीनं घरी आली. बाबा त्याच तुकड्यात होते, गुलमोहराले बकेटीनं पाणी देऊन राहिले होते. मी मोबाईलवर आलेख दाखवला, सारं समजावून सांगतलं.

"म्हणजे हे गुलमोहर या रेघेत धरत नाही?"

"नाही. लावलेले आहेत ना. ते पयलेवालं झुडूप मात्र धरलं असतं."

बाबांनी बकेट खाली ठेवली. "त्यानं कधी पाणीही मांगतलं नाही."

चुकलं म्हटलं. मंग विचारलं, "परत येईन का ते?"

"बुडं असती त मागच्याच पावसात फुटलं असतं. आता मातीत काहीच नाही ठेवलं तुमी." मंग म्हणाले, "तुये पोट्टे मोठे होतीन तवा येईन एखांदी बोर. मी नसन. तू जेसीबी नको आणू म्हणजे झालं."

अन् बकेट उचलून पुढच्या झाडाकडं गेले. मी दुसरी बकेट घेतली. लावलेलं आहे त पाजा लागतेच. अर्धी रांग आमी दोघांनी मिळून पाजली.

प्रोजेक्ट उद्या द्यायचा आहे. आलेख बरोबर आहे, मार्कही भेटतीन. पण बाबांले मी काय देऊ, ते सुचून नाही राहिलं. तुमच्या हातून झालं का असं कधी, की चांगलं करायले गेले अन् घरच्या माणसानं वर्षानुवर्षं राखलेलंच साफ करून टाकलं? मंग तुमी त्या माणसाले काय म्हटलं?