काडतुसं भरणारे काका

"अडकता कामा नये," असं म्हणत आमच्या शेजारचे काका उजव्या हाताची मूठ खाली न्यायचे आणि खाडकन वर आणायचे. जुरोंग ईस्टच्या आमच्या ब्लॉकच्या लिफ्टमध्ये, हॉकर सेंटरच्या जेवणाच्या रांगेत, कुठेही. तुम्ही तिथे असता तर तुम्हालाही हसू आलं असतं. भर सिंगापुरात हा माणूस हापसा मारतोय की काय!

खरं तर ते रायफल चालवत असायचे. खालचा दांडा ढकलला की रिकामी पुंगळी बाहेर, परत ओढला की नवं काडतूस आत, अशी जुनी रायफल. तीही त्यांची नव्हे. अमेरिकेत मोंटानात नोकरीला असताना शेजारी राहणाऱ्या एका म्हाताऱ्याची. त्याच्या शेडमध्ये बसून हे दोघे घरीच काडतुसं भरायचे. पुढे सिंगापूरची नोकरी लागली, तरी दर ऑक्टोबरात, शिकारीच्या हंगामाआधी, काका रजा टाकून तिकडे जायचे, त्याची वर्षभराची काडतुसं भरून द्यायचे आणि परत यायचे.

आणि माणूस कसला, तर अंडंही न खाणारा! "मी फक्त भरतो. हरीण तो मारतो," ते म्हणायचे.

"अर्धं पाप तुमचंच," काकूंचं ठरलेलं उत्तर. काका तिथून निघायच्या दिवशी काकूंचा फोन जायचा, "सगळे खिसे उलटे करा आधी!" चांगी विमानतळावर एक रिकामी पुंगळी जरी सापडली असती, तरी त्यांच्या नोकरीचं काही खरं नव्हतं.

एकदा मी विचारलं, "काका, दुकानातून का नाही आणत?" झालं! त्यांनी आमच्या टॉर्चमधले सेल काढून टेबलावर एकामागे एक मांडले.

"बॅरलखालच्या नळीत काडतुसं अशी बसतात. टोक अणकुचीदार असलं तर पुढच्याच्या बुडाला टोचून आतच धडाका. म्हणून चपटं हवं. लांबी जरा वाढली की अडकलंच. आणि पुंगळीचं तोंड गोळीभोवती नीट आवळायचं, नाहीतर स्प्रिंगच्या रेट्याने गोळी आत सरकते. ती रायफल भारी नखरेल आहे हो, दुकानातलं तिला मानवत नाही."

मला अर्धंच कळलं. पण त्यांचा चेहरा इतका खुलला होता की मी आणखी विचारत राहिले.

मग त्यांचा हात थरथरायला लागला. नोव्हेनातल्या डॉक्टरांनी सांगितलं, हे वाढतच जाणार. "बंदुकीच्या दारूचं माप चुकलं तर म्हाताऱ्याच्या तोंडावर फुटेल," काका म्हणाले. "भरणं बंद." मग म्हणाले, "आणि भरायचं नसेल तर तो मला बोलवेल कशाला?"

इतक्या वर्षांत ते दोघे काडतुसांखेरीज दुसरं काही बोललेच नव्हते. मला फार वाईट वाटलं. साठीतला माणूस, आणि जगात दोस्त म्हणावा असा तो एकच.

व्हॉट्सॲपवर तेव्हा नुकतेच व्हिडिओ कॉल सुरू झाले होते. काकांनी म्हाताऱ्याला तसा कॉल लावला; मी शेजारी बसले होते. काकांनी थरथरता हात कॅमेऱ्यासमोर धरला. म्हातारा उठला. त्याने कपाट उघडलं. आत काकांनी भरलेल्या काडतुसांचे डबेच्या डबे, जसेच्या तसे. गुडघे गेल्यापासून त्याने शिकार सोडली होती.

"मग सांगितलं का नाहीस?" काका इंग्रजीत ओरडले.

"सांगितलं असतं तर तू आला असतास?" असंच काहीसं तो म्हणाला.

काका भडकले. "म्हणजे अडकतात की नाही हे या माणसाने बघितलंच नाही! काय म्हणावं याला!" फोन ठेवून घरभर फेऱ्या मारल्या, आणि मग बेसिनवर जाऊन किती तरी वेळ तोंड धूत राहिले. काकूंनी आणि मी एकमेकींकडे न बघता पोहे खाल्ले.

पुढच्याच वर्षी काका-काकू पुण्याला परत गेले. नंतर आमची भेट नाही. मला आठवतात ते त्या फोननंतरच्या ऑक्टोबरात पुन्हा मोंटानाला निघालेले काका. चांगीला सोडायला मीही गेले होते. काकूंनी बॅगेत बाकरवडीची पाकिटं कोंबली आणि विचारलं, "पंधरा दिवस तिथे करणार काय तुम्ही दोघं?"

काकांनी जरा विचार केला.

"बसू," ते म्हणाले.