दादांच्या घरातली दुसरी लेक

लग्न होऊन मी सणसरला आले आणि दोनच वर्षांत आई गेली. बारामतीच्या खोलीत दादा एकटे राहिले. दादा म्हणजे माझे वडील. ते शिवणकाम करायचे, पण वर्षं सरली, डोळ्यांत मोतीबिंदू वाढला तसं मशीन बंद पडलं. मला भाऊ नव्हता, आणि लेकीच्या दारात राहायला दादा तयार नव्हते. मी बाजारच्या दिवशी भाजी-माळव्याची पाटी घेऊन एसटीनं बारामतीला जायची. माळवं विकलं की त्यांच्याकडं जाऊन झाडलोट करायची, चटणी कुटून ठेवायची आणि दिवेलागणीच्या आत सासरी परतायची.

एकदा गेले, तर चुलीपुढं एक पोरगी बसलेली. अठरा-एकोणीसची असेल. मला बघून उठली आणि म्हणाली, "आक्का ना तुमी? बसा, च्या टाकते."

माझ्या आईच्या चुलीवर मलाच चहा!

दादांच्या शेळगावच्या दोस्ताची ती नात. नवऱ्यानं टाकलेली. तेव्हा सातवीच्या फायनलवर मास्तरकी मिळायची; तिला ती देऊन मास्तरीण व्हायचं होतं. दोस्त म्हणाला होता, पोरगी तुझ्याकडं राहील, शाळा शिकंल आणि तुझंबी बघंल. दादांनी मला न विचारताच होकार दिला होता.

"बरं झालं की," मी म्हणाले. बरं काहीच वाटत नव्हतं.

पुढं दर बाजारी नवीन काहीतरी दिसायचं. दादांची नखं कापलेली. धोतर निळीचं. पिठल्यात कांदा नाही, कारण त्यांना तो सोसत नाही हे तिला ठाऊक झालेलं. मी घासायला जायची ती भांडी आधीच लख्ख असायची, मग मी ती पुन्हा घासायची. दुपारी ती शाळेतून आली की दादांना वर्तमानपत्र वाचून दाखवायची आणि दादा मान डोलवत मध्येच म्हणायचे, "थांब चिमणे, ते परत वाच."

चिमणी मला म्हणायचे ते. मला एवढं लागलं की मी हातातली वाटी आदळली.

मला दुसरीतून शाळेतून काढलं होतं. काजं-बटणं करायला घरी कुणीतरी हवं होतं म्हणून. दादांच्या सुईत दोरा मीच ओवायची. आता वाचणारी पोरगी त्यांना कौतुकाची झाली होती, आणि मला वाचता येत नव्हतं.

एका बाजारी ती शाळेत असताना मी बोललेच. "दादा, परक्याची पोर किती दिस ठेवायची? लोक काय म्हणत्याल?"

"लोक माझी भाकरी करून देत्यात व्हय?"

"मी करते की."

"तू बाजारादिवशी येतीस, बाय. बाकीचं दिस मी कुणाच्या तोंडाकडं बघायचं? आणि बघायचं तरी कशानं? डोळंच न्हाईत."

मी डोळ्याला पदर लावला. त्यांना ते दिसलं नाही.

त्या हिवाळ्यात पुण्याहून डोळ्यांचे डॉक्टर आले आणि धर्मशाळेत मोतीबिंदू काढू लागले. दादांना तिनंच तयार केलं, तिथं नेलं, पट्टी होती तोवर घास भरवले. माझ्याकडं उसाची तोडणी चाललेली. सासूबाई म्हणाल्या, जा, पण माझा पाय घरातून निघेपर्यंत सगळं उरकलं होतं. मग मी ठरवलं की जाड भिंगाचा चष्मा मिळेल त्या दिवशी तरी समोर मीच असणार. बाजार नसताना गेले. ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसले होते.

दादांनी चष्मा लावला. माझ्याकडं बघून हसले, माझ्या गालावरून हात फिरवला. "थकलीस गं," म्हणाले. "केस पिकाय लागलं तुजं." आणि लगेच मान वळवली. "ती कुठं हाय?"

ती दाराआड उभी होती. पुढं आली. दादा तिच्याकडं बघतच राहिले. मला त्यांनी जन्मापासून पाहिलं होतं, तिला एकदाही नाही, हे मला कळत होतं. तरी ते बघणं संपेना, तसा माझा जीव जळत गेला. शेवटी म्हणाले, "अशी हायेस व्हय तू! मला वाटलं, उंच असशील."

ती खळखळून हसली. मीही हसले.

ती फायनल पास झाली. तिला भिगवणला शाळा मिळाली. मला वाटलं, सुटले. दादांना आता दिसत होतं, ते चार बटणं लावत बसतील, मी येत राहीन. पण पुढच्याच बाजारी खोलीला कुलूप. शेजारीण म्हणाली, "भिगवणला गेलं की ते. पोरगी न्यायला आलती."

पाटी तिथंच टाकून रडावंसं वाटलं. त्याऐवजी मी भिगवणची गाडी धरली.

स्टेशनापासून जवळच तिची खोली होती. दादा ओट्यावर बसून कुणाच्या तरी बंडीला ठिगळ लावत होते. मला बघून ते गडबडले. "चार दिस आलोय," म्हणाले. ते चार दिवस पुढं त्यांच्या अखेरपर्यंत चालले, पण तेव्हा ते कुणालाच माहीत नव्हतं.

तिनं घोंगडी अंथरली. "बसा आक्का, दमला असाल."

"मी पाव्हणी न्हाय," मी म्हणाले. परात ओढून पीठ मळायला घेतलं. तिनं चुलीवर तवा ठेवला. दोघींनी शेजारी बसून भाकऱ्या थापल्या. तिच्या पातळ होत होत्या, माझ्याही होत होत्या.

टोपलीत सगळ्या एकावर एक पडल्या. दादा जेवायला बसले आणि त्यांनी वरची भाकरी उचलली. ती माझी होती. मीच ती वर ठेवली होती.