शेवटच्या खांबातला पाइप

आमच्या पोर्चला आज लोखंडी रेलिंग आहे. ते का आलं, हे घरात प्रत्येकाला ठाऊक आहे — निदान तसं प्रत्येकाला वाटतं. खरं काय ते मला एकट्याला माहीत, आणि सहा वर्षांत ते माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही. तुम्ही अनोळखी, म्हणून तुमच्याजवळ बोलतो आहे. घरातल्यांसमोर जीभ उचलत नाही.

मी भिलाईच्या पोलादाच्या प्लांटमध्ये जन्मभर फिटर होतो. उंचावरचे प्लॅटफॉर्म, जिने, त्यांचे कठडे — आमच्या गँगचं हेच काम. आमच्यात एक रीत होती. कठडा ज्यानं बसवला, त्यानंच आधी त्यावर अंग टाकायचं. खांद्यानं रेटून, पूर्ण वजन. मगच दुसऱ्याला हात लावू द्यायचा. हे कुठल्या रजिस्टरमध्ये लिहिलेलं नव्हतं, पण जो हे टाळायचा त्याच्या शेजारी बसून आम्ही डबा उघडत नसू. एवढं लक्षात असू द्या.

रिटायर झालो, प्लांटचं सेक्टरमधलं क्वार्टर सोडलं, जवळच्याच पद्मनाभपुरात घर बांधलं. पोर्च जमिनीपासून कमरेइतका उंच, म्हणून रेलिंग हवं होतं. मी लोखंडच धरून चाललो होतो. पण सुनेनं, वर्षानं, कुम्हारीच्या एका दुकानातून पांढऱ्या पीव्हीसी रेलिंगचे नमुने आणले. गंज चढत नाही, दर दिवाळीला रंग नको, ओल्या फडक्यानं पुसलं की झालं. दोन नमुने तिनं महिनाभर गच्चीवर उन्हात ठेवले होते, कोणता पिवळा पडतो ते पाहायला. मीसुद्धा इतकी पारख करून कधी काही घेतलं नसेल. नव्या घरात तिनं स्वतः निवडलेली ती पहिलीच वस्तू. माझी बायको शोभा लगेच हो म्हणाली, तिला पांढरं आवडायचं.

आणि मी? लोखंडाच्या गावात राहायचं, लोखंडावर घर उभं करायचं, आणि दारात प्लास्टिक! तोंडानं मात्र "तुमची मर्जी" म्हटलं. आतून धुमसत राहिलो. एवढ्याशा गोष्टीचा एवढा राग येतो का माणसाला? मला आला.

बसवायला दुकानाचा माणूस आला. कामाचा पक्का होता. हा पांढरा खांब आतून पोकळ असतो. त्याच्या आत लोखंडी पाइप उभा करायचा, पाइपाच्या बुडाची प्लेट चार बोल्टांनी स्लॅबला आवळायची. सगळा जोर त्या पाइपावर, पांढरं नुसतं वरचं आवरण. म्हणजे लोखंड होतंच की आत — पण माझ्या रागाला ते दिसेना.

पायऱ्यांजवळच्या शेवटच्या खांबाचा पाइप आखूड निघाला. दुसऱ्या दिवशी येऊन बसवतो, म्हणाला. मी त्याला सांगितलं, नुसता पाइप पाठव, मी बसवतो, आयुष्यभर हेच केलं आहे. जाताना तो एवढंच बोलला, "अंकल, पाइप डाले बिना इस पर टेक मत लगाना."

पाइप सकाळीच आला. मी तो स्कूटरच्या मागे भिंतीला टेकवून ठेवला. आणि पोकळ खांबावर वरची टोपी दाबून बसवली.

आळस म्हणू? नव्हता. तो खांब हलायला हवा होता मला. वर्षाच्या हाताखाली हलावा, तिनं म्हणावं — बाबा, तुमचंच बरोबर होतं — आणि मग मी मोठेपणानं पाइप टाकावा. कोणी पडेल असं मनात आलं नाही? आलं होतं. टोपी दाबतानाच आलं होतं. कमरेइतका तर पोर्च आहे, म्हणून मी ते बाजूला सारलं.

त्या खांबावर मी अंग टाकलं नाही.

पाचव्या दिवशी शोभा म्हणाली, "अवो, तो पायरीजवळचा खांब हलून राहिला. पाहा ना जराक." मी म्हटलं, "प्लास्टिक आहे, हलणारच." स्वयंपाकघरात वर्षाला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हटलं.

आठव्या दिवशी शोभा त्या रेलिंगवर ओली चादर वाळत घालायला गेली. पलीकडचं टोक ओढायला वाकली, खांब तिच्यासकट खाली गेला. खुब्याचं हाड मोडलं.

तिला दवाखान्यात ठेवून मी कपडे न्यायला घरी आलो. कपडे नंतर घेतले. आधी स्कूटरमागचा पाइप उचलला आणि भंगाराच्या ढिगात टाकून आलो. दुकानाचा माणूस भेटायला आला, माझ्याकडे पाहत त्यानं विचारलं, पाइप टाकला होता ना? मी हो म्हणालो. तो मान खाली घालून निघून गेला.

शोभाच्या खाटेशी बसून वर्षा रडत होती. "मीच आणलं ना ते, आई. माझीच गलती आहे." मी दोन पावलांवर उभा होतो, हातात चहाचा थर्मास. तेव्हा बोलायला काय लागलं असतं? एक वाक्य. मी चहा ओतला.

शोभा आता काठी घेऊन चालते. पोर्चवर मांडी घालून भाजी निवडणं तिचं कायमचं संपलं. तिनं वर्षाला कधी दोष दिला नाही. पण पाहुणा आला की नव्या रेलिंगची गोष्ट निघते, कोणीतरी प्लास्टिकला नावं ठेवतं, आणि वर्षा उठून आत जाते. मी बसून राहतो.

गेल्या महिन्यात स्वयंपाकघराच्या टाइल्स बदलायच्या होत्या. वर्षानं सगळे नमुने माझ्यासमोर मांडले. त्यातली एक पांढरी, निळ्या काठाची टाइल तिनं ओढणीनं पुसली, उजेडात धरली, आणि सगळ्यांच्या खाली ठेवून दिली.

"तुम्हीच सांगा, बाबा," ती म्हणाली. "माझी पसंत चांगली नाही राहत."

मी राखाडीवर बोट ठेवलं. ती बरं म्हणाली.