होडीच्या काठावरचं तेल

कळंबला शेताच्या कडेला शनिवार-रविवारच्या पाहुण्यांसाठी आम्ही खोल्या बांधल्या, तेव्हा यांनी एक टूम काढली. शेजारच्या रिसॉर्टात बैलगाडी ठेवलीय, मग आपण हिरवळीवर होडी ठेवू. समुद्र इथून कुठल्या कुठे, पण फोटोत कोण विचारतंय?

होडी शोधायची गरज नव्हती. माझ्या माहेरी खाडीच्या काठावर बाबांची शिडाची होडी पडून होती. आई गेल्यापासून त्यांनी ती पाण्यात लोटलीच नव्हती. वरच्या काठाची लाकडी पट्टी उन्हापावसाने राखाडी पडून तडकली होती. मी फोनवर म्हणाले, "बाबा, होडी इकडे आणा. दुरुस्त करून घेऊ. तुमचंही राहणं होईल." मला होडी हवी होती आणि बाबाही हवे होते. ती परत जाणार नाही, हे मात्र मी बोलले नाही.

ते होडीबरोबरच टेंपोतून आले, मांडीवर माशाच्या तेलाचा डबा घेऊन. खालापूरला ड्रायव्हर चहाला थांबला, तर बाबा होडी सोडून खाली उतरेनात.

दुसऱ्या दिवसापासून कामाला लागले. आधी तळ खरवडून फटींत कापूस आणि राळ भरली, तेल पाजलं. मग काठाची पट्टी. पॉलिशपेपरने घासता घासता राखाडी थर गेला आणि आतून तांबूस सागवान निघालं. त्यालाही त्यांनी तेल पाजलं. आई गेल्यानंतर प्रथमच मी त्यांना काम करताना गुणगुणताना ऐकलं. तेव्हाच सांगायला हवं होतं. पण मी भाकऱ्या थापत बसले. मला काही सुचेना हे खरं, आणि सुचवून घ्यायचं नव्हतं हेही खरं.

तेलाचा वास असा सुटला की पाहुणे खिडक्या लावून बसायला लागले. यांचं तोंड वाकडं झालं. त्यांनी कशेळ्याहून पॉलिशवाला बोलावला. त्याने पट्टीवरून अंगठा फिरवला. "ताई, यावर पॉलिश धरनार नाय. तेल उतरवाय लागंल."

बाबा फडकं हातात घेऊन तिथेच उभे होते. मला म्हणाले, "पॉलिश कशाला गो, बाय? खाऱ्या पान्यात टिकनार हाय का ते?"

"पाण्यात नाही न्यायची, बाबा." मी होडीकडे बघत बोलत होते. "इथेच ठेवायचीय. लोक फोटो काढतात."

ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त हात पुसले.

"मंग तेल मीच उतरवतो," ते म्हणाले. "त्याचा हात जड पडंल."

आणि खरंच, स्वतः पाजलेलं तेल ते स्वतःच घासून काढत बसले. हाताला तेलकट भुसा चिकटलेला. मी चहा घेऊन गेले, म्हटलं, "राहू द्या ना आता." तर म्हणाले, "शनवारी पावने येतील ना तुझे?" गुणगुणणं थांबलं होतं. मला इतकी लाज वाटली की कप तिथेच ठेवून मी आत पळाले.

पॉलिश झकास चढलं. पॉलिशवाला तळाकडे वळला, तसे बाबा म्हणाले, "तितं नको लावू. ते कुटं पान्याला लागतंय आता."

शनिवारी बाबा होडीच्या काठावर टेकले होते. मुंबईची एक मुलगी मोबाइल घेऊन आली. अगदी गोड आवाजात म्हणाली, "आजोबा, जरा बाजूला होता का? नुसती होडी हवीय."

बाबा लगेच उठले. चकचकीत पट्टीवर त्यांच्या पंजाचा ठसा उमटला होता. खांद्यावरच्या टॉवेलने त्यांनी तो पुसला आणि आंब्याखाली जाऊन उभे राहिले.

मी चहाचा ट्रे घेऊन दोघांच्या मध्येच उभी होते. होडी त्यांचीच आहे, एवढं सांगायचं होतं. मी त्या मुलीला विचारलं, साखर चालेल ना?