इटलीची तांबडी वाइन आणि आमचा बोकड

इटलीच्या तांबड्या वाइनबरोबर काय खावे, हे सबंध सोलापुरात फक्त मला ठाऊक होते. (एका इंग्रजी पुस्तकात दीड पान वाचले होते.) आमच्या सात पिढ्यांनी मेंढरे राखली, मी बी. ए. झालो आणि गिरणीच्या हापिसात कारकून म्हणून चिकटलो. हेडक्लार्कची जागा रिकामी झाली होती आणि ती कुणाला मिळायची, हे आमच्या इटालियन इंजिनियर साहेबाच्या शब्दावर होते. हा साहेब एकदा आपल्या मुलखातल्या वाइनचे कौतुक करू लागला, तसे मी ते दीड पान त्याला ऐकवले: तांबडी वाइन म्हटली की मटणच हवे! साहेब इतका खूश झाला की रविवारी बाटली घेऊन शुक्रवार पेठेतल्या आमच्या बिऱ्हाडी यायचे त्याने स्वतःच ठरवले.

बाजारातून शेरभर मटण आणले असते तर आज मी हेडक्लार्क असतो. पण घरचा बोकड म्हटले म्हणजे तोरा वेगळा! मी गावी वडिलांना निरोप धाडला. आबांनी बोकड आणला आणि देवाचे नाव घेऊन अंगणात उभा केला. आमच्यात रीत अशी, की बोकडावर पाणी शिंपडायचे; त्याने अंग झाडले की देवाचा कौल मिळाला. तोवर सुरी लावायची नाही.

बोकड अंग झाडीना. वैशाखातले सोलापूर आणि माठातले गार पाणी! आबा तांब्यामागून तांब्या ओतत होते आणि बोकड डोळे मिटून, एखाद्या इनामदारासारखा, आंघोळ करून घेत होता.

"आबा, जरा लवकर. साहेब येईल आता."

"मग? देव तुज्या हापिसात कामाला हाय व्हय?"

साहेब आला. पांढराशुभ्र सूट, बगलेत बाटली. वाइनला जरा वारा लागू द्यावा म्हणून त्याने ती उघडून ओट्यावर ठेवली, दोन पेल्यांत घोटघोट ओतली आणि माझे मत विचारले. मी पेला गरगर फिरवला, त्यात नाक घातले, घोट घेतला. चिंचेच्या कोळात गंजका खिळा भिजत घालावा, तशी चव.

"चेरी," मी म्हणालो. (चेरी मी आजतागायत पाहिलेली नाही.) "आणि किंचित जुने लाकूड."

साहेबाने माझी पाठ थोपटली. मला हेडक्लार्कची खुर्ची दिसू लागली. आता बाकीची मटणाबरोबर, तो म्हणाला, मटणावाचून ही पिणे म्हणजे पाप. मटण कुठे आहे? मी अंगणाकडे बोट दाखवले. मटण रवंथ करत उभे होते.

तास गेला. घरातून आई विचारू लागली, की वाटलेला मसाला आता कशाला लावू, तुझ्या डिग्रीला? साहेब कुतूहलाने बोकडाजवळ जाऊन उभा राहिला. तेवढ्यात आबांना बाटली दिसली.

"ह्यात काय हाय?"

"साहेबाची दारू. आबा, तिला हात..."

"आदी सांगायचं की! देव तीच मागतोय, आन् मी येड्यावानी पानी पाजतोय."

आणि शिंगांपासून शेपटीपर्यंत त्यांनी बाटली रिकामी केली. बोकडाने डोळे उघडले. एक थेंब त्याने जिभेने चाटला. मग नाकापासून खुरापर्यंत असे थरथरून अंग झाडले, की साहेबाच्या सुटावर पांढरे बोटभरही उरले नाही.

"कौल मिळाला," आबांनी हात जोडले.

मटण फक्कड झाले. साहेबाने ते पाण्याबरोबर खाल्ले आणि आईच्या काळ्या मसाल्याने त्याच्या डोळ्यांत पाणी आले. (मसाल्यानेच, असे मी धरून चाललो.) हेडक्लार्कची जागा एका माळकरी गृहस्थाला मिळाली. साहेब मात्र पुढेही मटणाला येत राहिला. आबा गावाहून आलेत ना, एवढे आधी विचारून. बाटली त्याने पुन्हा आणली नाही.

त्या वाइनविषयी आमच्या अंगणात खरे मत एकट्या बोकडाने दिले. मी बी. ए. होतो, मी चेरी म्हणालो.