निवृत्त ठरलेले चढाईपटू

लिहिणं हे आमच्या घरातलं काम नाही. मी घरातला पहिलाच कॉलेजात गेलेला, आणि तिथंही मागच्या बाकावर बसणारा. तेव्हा हे लिहिताना वाचणाऱ्यांची आधीच माफी मागतो. पण ही हकिकत माझ्याशिवाय कुणी लिहील असं वाटत नाही.

मी बीडला कॉलेजात होतो तेव्हा तिथं बसस्टँडजवळ नवंच इंटरनेट कॅफे निघालं होतं. मालक तिशीतला, किराणा व्यापाऱ्याच्या घरातला, कपाळाला भस्म. सगळे त्याला आप्पा म्हणत. कबड्डीच्या नादापायी आप्पांनी जिल्ह्यातल्या सामन्यांची एक वेबसाइट काढली होती. नुसती निकालांची लांबच लांब यादी, उघडेपर्यंत चहा पिऊन होई. आता ती नव्यानं करायची ठरली. प्रत्येक खेळाडूचं वेगळं पान, फोटो, चढाया, पकडी, आणि नाव टाकलं की शोधून देणारी सोय. पाटोदा-आष्टीकडचे आकडे आणायचं काम माझ्याकडे आलं.

मी ते घेतलं दादासाठी. दादा म्हणजे माझा चुलत भाऊ, आमच्या भागातला सर्वांत चांगला चढाईपटू. पश्चिमेकडच्या एका साखर कारखान्याचा कबड्डीचा संघ होता. तिथल्या प्रशिक्षकानं आदल्या ऊसतोडीच्या हंगामात दादाचा खेळ बघितला होता आणि तो दादाला म्हणाला होता, "तुमची नवीन साइट होऊ दे. आकडे दाखवतो साहेबांना, कायम नोकरीचं बघू." नोकरी लागली असती तर दादा-वहिनीला पुन्हा कोयता घेऊन जावं लागलं नसतं.

दिवाळीआधी, माणसं गावात असताना आकडे गोळा केले, पण ते सोपं नव्हतं. फोटो मागितला की खेळाडू विचारत, "कशाला पायजे?" वय विचारलं की उठून जात. एक जण म्हणाला, "नसबंदीवाला न्हाईस ना बे तू?" माझ्या वडिलांचा संशय वेगळाच होता. "फुकट करतो म्हंजी आप्पाच्या पोटात कायतरी हाय." मी आप्पांना एकदा विचारलं. ते म्हणाले, "आवड आहे." घरी हे सांगितलं, तर कुणालाच पटलं नाही. खरं सांगायचं तर मलाही नाही.

अक्षय तृतीयेला साइट सुरू केली. आमची माणसं हंगाम संपवून महिन्याभरापूर्वीच परतली होती. दादा आणि चार-पाच जण धुतलेले कपडे घालून आले, चपला बाहेर काढून कॉम्प्युटरमागं उभे राहिले. आप्पांनी नारळ फोडला, दादाचं नाव टाकलं. फोटो वरून खाली हळूहळू उतरत आला. आधी केस, मग कपाळ, मग मिशी.

"लई झ्याक!" कुणीतरी म्हणालं.

मग फोटोखाली लाल अक्षरं आली. निवृत्त.

"पेन्शन लागली बे तुला!" एक जण हसला. पण त्याचं नाव टाकल्यावर त्याच्याही फोटोखाली तेच आलं. मग तिसऱ्याच्या. बीड शहरातले खेळाडू मात्र सगळे ठीक होते, आणि दादा वगळला गेल्यामुळं चढाईत पहिल्या नंबरावर आप्पांचा पुतण्या आला होता.

"बीडातले जित्ते, आमीच तेवढे मेलो," मागून आवाज आला.

दादानं आप्पांकडं पाहिलंच नाही. माझ्याकडं पाहिलं. "तू लिवलंस?"

"न्हाई दादा."

"मंग कुणी?"

आप्पा गडबडले. "कुणी नाही हो. चार महिने सामना नाही झाला की कॉम्प्युटर आपोआप लिहितो. साइट बनवणाऱ्या पुण्याच्या मुलानं तसं बसवलंय."

"आप्पा, दिवाळीनंतर आमच्याकडं संघच राहत नाही," मी म्हणालो. "सगळे उसाला जातात."

"हे मला कुणी सांगितलं?" आप्पा म्हणाले. त्यांच्या किराणा दुकानात उसाला निघालेली माणसं दरवर्षी पीठ-मीठ भरतात. त्यांना माहीत नसेल? मला ते पटेना.

दुरुस्तीला पुण्याचा मुलगा यायला हवा होता. तो येईपर्यंत मी रोज कॉलेज सुटल्यावर कॅफेत जाऊन ती लाल अक्षरं बघायचो. गावी मैदानात मी पेन काढला की खेळ थांबे. "आला बे, पेन्शनवाला!" दादा माझ्याशी कामापुरतंही बोलेना. चुलती एवढंच म्हणाली, "शिकलेल्याचा भरवसा न्हाई."

शेवटी लाल अक्षरं गेली. यापुढं त्या जागी 'हंगामाला गेले' असं यायची सोय आप्पांनी करवून घेतली. पण तोवर कारखान्यातल्या साहेबानं पान पाहिलं असेल तर? मला फोन करायचा धीर होईना.

"मी करतो," आप्पा म्हणाले. मी शेजारी उभा. पलीकडचं ऐकू येत नव्हतं.

"हो... हो, चढाईवाला... बरं, बरं." रिसीव्हर ठेवून म्हणाले, "साहेब नाहीत. फोन घेणारा कळवतो म्हणाला."

पुतण्याचं नाव तर नाही सुचवलं यांनी? हे मनात आलंच. त्यानंतर आप्पांनी चहा मागवला तरी मी काहीतरी कारण सांगून निघायचो.

पावसाळा गेला, काहीच कळलं नाही. दिवाळी झाली आणि दादा-वहिनी ट्रकमध्ये बसून त्याच कारखान्याकडं गेले.

एके दिवशी कॅफेत आप्पांनी मला हाक मारून रिसीव्हर हातात दिला. दादा होता. कित्येक महिन्यांनी माझ्याशी बोलत होता.

"इथं इचारलं मी," तो म्हणाला. "संघ कवाच मोडला म्हणं. खर्च परवडंना म्हणून. आमी मागल्या हंगामातून घरी निघालो, त्याच्या दुसऱ्याच हप्त्यात. शिकवणारा मास्तर बी गेला सोडून."

"म्हणजे साइट सुरू व्हायच्या आधीच?"

"आदीच. कुणी काय बघितलंच न्हाई रं." मग म्हणाला, "संघाच्या मैदानात आता उसाच्या गाड्या उभ्या करतेत. आमची बी तिथंच हाय."